बोंबलांचं मोझॅक तयार आहे, पण दरजा भरायचा धीर होत नाहीये

खापरतुकडा
नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. सहा वर्षं झाली मोझॅक करतेय, अंधेरीच्या घरातली बाल्कनी हीच माझी कार्यशाळा. आत्ता जो पॅनल केलाय तो तीन फूट बाय दोन फूट, सिमेंट बोर्डावर. वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, किनाऱ्यावर सुकत घातलेले बोंबील, मागे सकाळचं आभाळ, खाली समुद्राची एक पट्टी आणि वाळू. चार महिने गेले त्यात. बोंबील केलेत चोरबाजारात मिळालेल्या जाड पांढऱ्या कपबशांचे, ते इराण्याकडे असायचे ना तसले कप, आणि कपाचा जो गोलवा असतो तो मी मुद्दाम बोंबलाच्या पोटाला वापरलाय म्हणजे ते पोट खरंच थोडं पुढे येतं. आभाळ काचेच्या मोझॅकचं, दोन सेंटिमीटरच्या चौकोनाचे चार चार तुकडे करून. वाळूला संगमरवराचे तुकडे.

आता फक्त तुकड्यांमधल्या दरजा भरायच्या राहिल्यात, म्हणजे ग्राऊट. आणि तीन आठवडे झाले पॅनल कपाटामागे उभा आहे. रोज काढते, बघते, परत ठेवते. कारण दोन वर्षांपूर्वी एक मोर केला होता, निळ्या हिरव्या काचेचा, जीव ओतून, आणि पांढरा ग्राऊट भरला, आणि पुसून बघते तर सगळा मोर फिका, कोणीतरी वरून पिठी भुरभुरावी तसा. तो परत पहिल्यासारखा झालाच नाही. ग्राऊट एकदा भरला की भरला, चित्रात चूक खोडता येते तसं इथे नाही.

तर प्रश्न असा की बोंबील पांढरे, आभाळ फिकं निळं. ग्राऊट पांढरा घेतला तर बोंबील आभाळात विरघळणार. काळा घेतला तर आभाळाला जाळी लावल्यासारखं दिसणार. की भरूच नये? पॅनल एका बिल्डिंगच्या खालच्या प्रवेशाच्या भिंतीवर लागणार आहे, पावसाची झड थोडी येते तिथे. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

दर्याकाठ
फोटो बघितला. आभाळ बघून वारा जाणवतो. कसं काय केलंत ते?

खापरतुकडा
@दर्याकाठ, थँक्यू 🙂 तुकड्यांच्या ओळी वाऱ्याच्या दिशेने वाहत्या ठेवल्यात, सरळ आडव्या नाहीत. मोझॅकमध्ये रंगाइतकंच हे महत्त्वाचं असतं, ओळी कुठून कुठे जातात ते. इटालियनमध्ये याला आंदामेंतो म्हणतात, आपल्याकडे मी नुसतं चाल म्हणते. आकाशाची चाल एक, बोंबलांची खाली लोंबणारी चाल दुसरी, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे सगळ्यात जास्त वेळ गेला.

निळीकाच
माझं मत स्पष्ट आहे, भरू नका. इटलीतल्या रावेन्नाची जुनी मोझॅकं बघा, सान व्हिताले चर्च, इ.स. ५४७ मध्ये पूर्ण झालं, त्या काचेच्या तुकड्यांमध्ये कोणी वरून ग्राऊट चोपडलेला नाही. ओल्या चुन्याच्या गिलाव्यात तुकडा दाबायचा, जेवढा मसाला खालून वर येईल तेवढाच. आणि तुकडे सपाट बसवतच नसत, मुद्दाम थोडे तिरपे, म्हणून माणूस चालत गेला की सोनं इथे चमकतं मग तिथे चमकतं. शिवाय त्या गिलाव्यावर आधी रंगाने चित्र काढून घेत, त्यामुळे दोन तुकड्यांच्या मधून जे दिसतं तेही रंगीतच. मी स्वतः व्हेनिसची स्माल्टी, म्हणजे खास मोझॅकसाठी बनवलेली जाड रंगीत काच, थोडी मागवून वापरली आहे, तिथली ओर्सोनीची भट्टी १८८८ पासून चालू आहे आणि त्यांच्या रंगांची यादी साडेतीन हजारांच्या आसपास आहे म्हणे. तोडलेल्या स्माल्टीच्या पृष्ठभागाला बारीक भोकं असतात, ग्राऊट त्यात शिरला की काचेची सगळी झळाळी मेली. तुमच्या आभाळातही ती झळाळी आहे, ती घालवू नका.

गिलावा
निळीकाच, तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे पण इथे मी विरोध करणार. ताईंचा पॅनल चर्चच्या आत घुमटाखाली लागणार नाहीये, मुंबईतल्या तळमजल्याच्या प्रवेशावर लागणार आहे. मी बांधकामात तीस वर्षं काढली. जून ते सप्टेंबर हवेत जे पाणी असतं ते प्रत्येक फटीत शिरतं, आणि नुसतं पाणी नाही, समुद्राजवळ असाल तर मीठपण. दरज उघडी राहिली की पाणी चिकटवलेल्या थरामागे जातं, वाळताना क्षार घेऊन बाहेर येतं, आणि मग तुकड्यांच्या कडेने पांढरा लोणा. एकदा लोणा धरला की दर वर्षी धरतो. वर कपबशीची कड. कपाला झिलई फक्त आतून बाहेरून असते, जिथे तो फुटला ती कड उघडी, आणि जाड स्वस्त कपांची माती पाणी पिते. उघड्या दरजेत ती कड कायम ओली राहणार.

ताई, सिमेंट बोर्ड घेतलात ते फार बरं केलंत, प्लायवूड असता तर दोन पावसात फुगला असता. भिंतीवर लावताना स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साध्या स्क्रूचा गंज पुढे येऊन ओघळतो. आणि दरजा भरा.

खापरतुकडा
दोघांचंही पटतंय हीच अडचण आहे.

भायखळा४
बाळबोध प्रश्न विचारतो, रागवू नका. आमच्या जुन्या घरात मोझॅकची लादी होती, हिरवट करडी, त्यात पांढरे काळे ठिपके. आणि गच्चीवर चायना मोझॅक होतं. ते मोझॅक आणि हे मोझॅक एकच का? की नुसतं नाव सारखं?

खापरतुकडा
@भायखळा४, रागवायचं काय त्यात, मला आवडला प्रश्न. ज्याला आपण मोझॅकची लादी म्हणतो तो खरं तर टेराझो. संगमरवराची चुरी सिमेंटमध्ये कालवून साच्यात दाबायची आणि मग मशिनने घासून पॉलिश करायची की आतली खडी कापली जाऊन ठिपके दिसतात. त्यात कुठला ठिपका कुठे येईल ते कोणी ठरवत नाही. मोझॅकमध्ये प्रत्येक तुकडा कोणीतरी हाताने उचलून तिथे ठेवलेला असतो. गच्चीवरचं चायना मोझॅक मात्र आमचं सख्खं भावंड आहे! फुटक्या पांढऱ्या टाईल्स, प्रत्येक तुकडा मिस्त्री हाताने बसवतो. त्याबद्दल कोणी जाणकार असेल तर लिहा, मला नेहमी वाटतं की मुंबईत सगळ्यात जास्त मोझॅक आपल्या डोक्यावर आहे आणि कोणी वर बघायला जात नाही.

लादीवाल्याचा_नातू
मी लिहितो. आजोबा सातारकडून मुंबईला आले ते लादी बसवायच्या कामाला, पुढे वडीलही तेच. मी लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर गच्च्यांवर जायचो कारण ते काम पावसाच्या आधी संपवायचं असतं. आधी विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याला उतार, म्हणजे पाणी सरळ नळाकडे पळालं पाहिजे, कुठे थांबलं तर खालच्या घरात गळणार. कोब्यावर मसाला आणि त्यात चायना मोझॅक. टाईल गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायची. मी मदत म्हणून एकदा सगळे तुकडे एकसारखे चौकोनी करत बसलो तर आजोबा म्हणाले, अरे सारखे तुकडे उतारावर बसत नाहीत, वेडेवाकडेच एकमेकांत अडकतात. ते मोठा तुकडा ठेवायचे आणि त्याच्या बाजूला जी जागा उरेल तिचा आकार बघून ढिगात हात घालायचे, बहुतेक वेळा न बघता बरोबर तुकडा यायचा. दुपारी बाराला त्या पांढऱ्या गच्चीवर उभं राहवत नसे, डोळे दिपायचे, पण ऊन परतवून लावायलाच तर ते पांढरं करतात, खालचं घर थंड राहतं.

आता ग्राऊटचं. आजोबा पांढरं सिमेंट भरायचे पण ती गच्ची, तिथे चित्र नाही. एका बंगल्याच्या कारंज्याला मात्र त्यांनी रंगीत केलं होतं, तेव्हा त्यांनी आधी उरलेल्या तुकड्यांच्या तीन पाट्या केल्या, तीन रंगांचा मसाला भरला आणि आठ दिवस उन्हात ठेवल्या. ओला मसाला गडद दिसतो, वाळला की दोन छटा उतरतो. कपाटामागे ठेवून मनात ठरवायच्या गोष्टी नाहीत या ताई. उरलेले कप आणि उरलेली काच असेलच तुमच्याकडे. पाट्या करा.

मुगाची_खिचडी
लादीवाल्याचा_नातू, काय लिहिलंय! आजोबांवर वेगळा लेख लिहाच.

दर्याकाठ
+१

राणीबाग
धाग्याशी थोडं अवांतर पण मुंबईत बघण्यासारखं म्हणून सांगते. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर कपाटांकडे बघताना खालीही बघा, इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या टाईल्सची जमीन आहे. आणि कुलाब्याचं अफगाण चर्च, १८५८ मध्ये उघडलं, तिथल्या फरशीची नक्षीही इंग्लंडहून आणलेल्या टाईल्सचीच. मी मुलीला घेऊन गेले होते तर ती अर्धा तास नुसती त्या रांगांवरून चालत होती, एक रंग सोडून एक.

निळीकाच
राणीबाग, त्या फार सुंदर आहेत, पण काटेकोर बोलायचं तर ते मोझॅक नाही. त्यातल्या नक्षीच्या टाईल्समध्ये वेगळ्या रंगाची माती साच्यात भरून भाजतात, म्हणजे नक्षी टाईलच्या अंगातच असते. आणि बाकीच्या भौमितिक आकारात कारखान्यातूनच तयार होऊन येतात, जागेवर जुळवतात. आपल्याकडे भारत टाईल्सने १९२२ पासून ज्या सिमेंटच्या रंगीत टाईल्स केल्या त्यांचं तंत्र आणखी निराळं, त्या भाजत नाहीत, दाबतात.

राणीबाग
बरोबर असेल. माझ्या मुलीला सांगते.

साष्टी
मला हे वाचताना उदयपूरच्या राजवाड्यातला मोर चौक आठवला. तिथे भिंतीवर काचेचे तीन मोर आहेत, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. ५००० तुकडे आहेत असं तिथला माणूस सांगतो. तिकडे त्या कामाला ठिकरी म्हणतात. खापरतुकडा, तुमच्या बिघडलेल्या मोराबद्दल वाचून वाईट वाटलं, पण तो मोर कुठे आहे आता?

खापरतुकडा
@साष्टी, आहे. बाल्कनीच्या आतल्या भिंतीला टेकवून ठेवलाय. मी कामाला बसते तिथून समोर दिसतो. फेकायचा विचार कधी आला नाही, कारण तुकडे कापण्यात तो माझा सगळ्यात चांगला आहे, पिसाऱ्याचा एकेक डोळा सात तुकड्यांचा आहे. उदयपूरचे मोर मी बघितलेत. त्यातला एक मोर बघून मला रडू आलं होतं, खरंच. मी परत येऊन माझा केला तो त्यामुळेच.

बजेटवाला
ताई, काम छान आहे. चौरस फुटाला काय भाव लावता? आमच्या लॉबीत एक भिंत आहे, साधारण साठ फूट.

खापरतुकडा
@बजेटवाला, तुम्ही मनापासून विचारताय म्हणून मनापासून उत्तर देते, कारण हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. एक सेंटिमीटरचा तुकडा आणि एक मिलिमीटरची दरज धरली तर एका चौरस फुटात साडेसातशेच्या वर तुकडे बसतात. निळं सपाट आभाळ असेल तर तेवढंच काम. पण त्याच फुटात बोंबलाचं तोंड असेल तर तुकडे तीन तीन मिलिमीटरचे होतात, त्यातले निम्मे कापताना फुटतात, आणि एक डोळा बसवायला एक संध्याकाळ. मग या दोन फुटांचा भाव एक कसा असेल? एका इंटिरियरवाल्याने मला स्पष्ट सांगितलं होतं की टाईल बसवणाऱ्याचा जो रेट आहे त्याच्या दुप्पट देतो, खूश व्हा. मी ते काम घेतलं नाही. मिस्त्रीच्या कामाला कमी लेखत नाही हो, वर लादीवाल्याचा_नातू यांनी लिहिलंय ते वाचा, ते कौशल्य माझ्यापेक्षा जास्त आहे. पण चित्राला चित्राचा भाव असतो. मी आधी रेखाटन करते, त्यात किती बारीक काम आहे ते बघते, माझे दिवस मोजते आणि दिवसाचा भाव लावते. सामान वेगळं. आणि वर्षात तीनपेक्षा जास्त मोठी कामं घेत नाही, बाकी वेळ शनिवार-रविवार शिकवते, त्यावर घर चालायला हातभार लागतो. नुसत्या मोझॅकवर मुंबईत घर चालवणं मला अजून जमलेलं नाही, हेही सांगायला हवं.

साठ फुटांबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पण वर्ष लागेल.

बजेटवाला
वर्ष! कमिटीला विचारतो. पण उत्तर आवडलं ताई, मला खरंच कल्पना नव्हती.

मुगाची_खिचडी
फुटक्या वस्तूंचं काम म्हटलं की मला चंडीगडचं रॉक गार्डन आठवतं. नेकचंद नावाचा रस्त्याच्या कामावरचा सरकारी माणूस, वर्षानुवर्षं कोणाला न सांगता जंगलात फुटक्या बांगड्या, कपबश्या, सिंकचे तुकडे जमवून माणसं आणि प्राणी करत राहिला. कळल्यावर ते पाडायचंही घाटत होतं, पण १९७६ मध्ये लोकांसाठी उघडलं. तिथल्या बांगड्यांच्या बायका बघून मी शाळेत असताना आईच्या फुटक्या बांगड्या जमवायला लागलो होतो.

साष्टी
आणि अहमदाबादला दोशींचं संगाथ! वास्तुकार बाळकृष्ण दोशी, वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळालेले, त्यांचं स्वतःचं ऑफिस, १९८० चं. वरच्या अर्धगोल छपरांवर फुटक्या चायना मोझॅकचाच थर आहे. म्हणजे आपल्या गच्चीचंच तंत्र, पण वळणावर. बार्सिलोनात वास्तुकार गाउदी आणि त्याच्या सोबतच्या जुजोलने पार्क ग्वेलच्या त्या नागमोडी बाकावर तेच केलं, तिकडे त्याला त्रेंकादीस म्हणतात, तोडणे या शब्दावरूनच आलाय. वळणावर सपाट टाईल बसतच नाही, फोडूनच बसते. लादीवाल्याचा_नातू यांचे आजोबा म्हणाले तेच झालं हे.

लादीवाल्याचा_नातू
साष्टी, हे आजोबांना सांगायला हवं होतं. वडिलांना आज वाचून दाखवतो.

श्वासनळी
डॉक्टर म्हणून एकच. ताई, बाल्कनीत कापताना तोंडाला काय लावता? टाईल आणि सिरॅमिकच्या धुळीत सिलिका असते, दिसत नाही इतकी बारीक, ती फुप्फुसात गेली की तिथेच राहते. लादीकामवाले आणि दगडकामवाले आमच्याकडे येतात ते फार उशिरा येतात. साधा रुमाल चालत नाही. एन-९५ लावा, ग्राइंडर वापरलात तर पाणी सोडून कापा, आणि काम झाल्यावर कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. डोळ्यांना चष्मा.

खापरतुकडा
@श्वासनळी, मास्क आणि चष्मा लावते. झाडूचं माहीत नव्हतं, मी कोरडंच झाडत होते. आजपासून बंद.

लादीवाल्याचा_नातू
डॉक्टर, धन्यवाद हे लिहिल्याबद्दल. आजोबा शेवटची चार वर्षं खोकत होते. तेव्हा सगळे विडीमुळे म्हणायचे, ते विडी ओढत नव्हते.

वेसावकरीण
धागा आज वाचला. खापरतुकडा, तुम्ही आमच्या किनाऱ्याचं चित्र केलंत ते बघून खूप बरं वाटलं, लोक वास येतो म्हणून नाक धरून जातात आणि तुम्ही चार महिने त्याच्यासमोर बसलात. पण एक सांगू का, राग मानू नका. फोटो मोठा करून बघितला. तुम्ही एकेक बोंबील दोरीला वेगळा टांगलाय. असा कोणी टांगत नाही. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, त्याचे दात बारीक आणि आत वळलेले असतात ते धरून ठेवतात, आणि मग ती जोडी वलांडीच्या, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवाच्या, दोरीवर टाकायची, एक अल्याड एक पल्याड. सुतळी नाही, आकडा नाही, काही नाही. माझी आजी बोलता बोलता टोपली रिकामी करायची, हात कसा चालतो ते दिसायचं पण नाही.

आणि मी मोजले. तुमचे अकरा आहेत. अकरावा कोणाच्या तोंडात?

दर्याकाठ
आईशप्पथ, अकरावा 😮

खापरतुकडा
वेसावकरीण ताई, राग कसला. मी तुमचा प्रतिसाद वाचून पॅनल बाहेर काढला आणि बघतच बसले. मी तीन सकाळी किनाऱ्यावर जाऊन रेखाटनं केली होती, फोटो काढले होते. आत्ता ते फोटो परत काढून बघितले तर त्यात जबडे अडकलेले स्पष्ट दिसताहेत. माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मी रंग बघत होते, प्रकाश बघत होते, आणि जे लोक रोज करतात ते बघितलंच नाही. हा पॅनल लागणार ती बिल्डिंग वेसाव्याच्या रस्त्यालाच आहे. रोज तिथून कोळणी जाणार.

ग्राऊट भरलेला नाही. बदलता येईल. गिलावा काका, चिकटवून महिना झालाय, वरची तोंडं सगळी काढायची आहेत, शेजारचं आभाळ न हलवता. कसं काढू?

गिलावा
निघेल. दरजा रिकाम्या आहेत म्हणून निघेल, भरल्या असत्या तर शेजारचे तुकडेही हलले असते. प्रत्येक तोंडातला मधला तुकडा आधी फोडा, बारीक छन्नी उभी धरून, हातोडी हलकी, म्हणजे जागा मोकळी होईल. मग बाजूचे तुकडे त्या मोकळ्या जागेकडे ढकलून काढा, कधीच बाहेरच्या दिशेने जोर द्यायचा नाही. खालचा चिकटवलेला थर छोट्या ग्राइंडरने घासून खाली घ्या, नाहीतर नवे तुकडे वर येतील. घासताना शेजारच्या काचेवर जाड टेप. आणि डॉक्टरांनी सांगितलंय ते लक्षात ठेवा.

वेसावकरीण
तोंडं जोडताना दोरीवर गाठ मारल्यासारखं दिसायला हवं. खालचा जबडा वरच्यापेक्षा थोडा पुढे असतो बोंबलाचा. हवं तर रविवारी या, दाखवते.

निळीकाच
मी आधी आग्रहाने भरू नका म्हणालो होतो, ते तळमजल्याच्या भिंतीसाठी मागे घेतो. पण एक विनंती, काचेवर ग्राऊट फार वेळ ठेवू नका. भागाभागाने भरा आणि भागाभागाने पुसा.

खापरतुकडा
पाच आठवड्यांनी येतेय, सगळं सांगते.

रविवारी वेसावकरीण ताईंकडे गेले. त्यांच्या आत्यांनी मला जोडी लावायला शिकवली, माझ्याकडून पहिले चार पाच निसटले, बोंबील इतका मऊ असतो की जोर दिला तर जबडाच फाटतो. हाताने केल्यावर कळलं की तो आकार कसा आहे. घरी येऊन सगळी तोंडं काढली, दोन दिवस लागले, आभाळाचे नऊ तुकडे गेले ते परत कापून लावले. बारावा बोंबील डाव्या टोकाला बसवला, तिथे आभाळ काढावं लागलं. आता सहा जोड्या आहेत.

मग पाट्या. लादीवाल्याचा_नातू यांच्या आजोबांसारख्या तीन केल्या, प्रत्येकीवर थोडं आभाळ, थोडा कप, थोडा संगमरवर. पांढरी, कोळशाच्या रंगाची, आणि एक मधली. पांढरीत बोंबील गेलेच. कोळशाच्या पाटीत बोंबील उठून दिसले पण प्रत्येक कपाचा तुकडा सुटा सुटा मोजता येत होता, मासा न दिसता टवका दिसत होता. मधली मी पांढरं सिमेंट, थोडा काळा ऑक्साईड आणि चिमूटभर पिवळा घालून केली होती, ओली असताना शेणासारखी दिसत होती आणि मी जवळजवळ फेकली होती. आठ दिवसांनी वाळली तर रंग बरोबर ओहोटीच्या वेळच्या ओल्या वाळूचा आला. बिल्डिंगच्या प्रवेशात नेऊन दहा फुटांवरून बघितली, सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा. दोन्ही वेळा आभाळ आभाळच राहिलं.

पूर्ण पॅनलचा मसाला एकदाच कोरडा कालवून ठेवला म्हणजे छटा बदलणार नाही, रंग सिमेंटच्या दहा टक्क्यांच्या आत. संगमरवर डाग पितो म्हणून त्याला आधी सीलर मारून घेतलं. मग बहिणीला बोलावलं कारण एकटीने हे करायचं नव्हतं. रबरी पट्टीने तिरपं दाबत भरलं, एका वेळी एक फूट, पंधरा मिनिटं थांबून जवळजवळ कोरड्या स्पंजने पुसत गेलो. पहिला फूट पुसेपर्यंत माझे हात थरथरत होते. मग त्या राखाडीतून पहिल्या जोडीची पोटं वर आली, पांढरी, गोल, आणि बहीण म्हणाली, अगं हे ओले दिसताहेत. तीन दिवस ओल्या कापडाखाली ठेवून काल उघडला.

वेसावकरीण
फोटो आत्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, चौथी जोडी उलटी पडलीय, वाऱ्याने पडते कधी कधी तशी. तुम्ही मुद्दाम केलीत का?

खापरतुकडा
हो! रविवारी किनाऱ्यावर एक तशीच बघितली होती. आत्यांना सांगा की फक्त त्यांनाच दिसली.

लादीवाल्याचा_नातू
ताई, वडील विचारतायत उरलेल्या पाट्यांचं काय करणार. मधली देता का, त्यांना बघायचीय.

खापरतुकडा
देते. दादरला येणार असाल तर शनिवारी सकाळी भेटू, काकांनाही घेऊन या.